मराठवाड्यात रात्री टॅरँटुला आणि साप-सरडे बघायला जायचं असेल तर

अंबाजोगाईच्या तिघा मित्रांनी विचारलं आहे: परदेशात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन डोंगरात फिरतात, बिळाबाहेर बसलेले टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, शोधतात, वाटेत साप-पाली दिसतात. तसं आपल्या बालाघाटात जमेल का? कधी जावं, सोबत काय घ्यावं? आणि एखादा मोठा कोळी सापडला तर घरी आणून पाळता येईल का?

पाळण्याचा विषय आधी निकालात काढतो. नाही. साप, घोरपड, शॅमेलिऑन पकडणं किंवा बाळगणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. पकडण्याचा प्रयत्नसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच. टॅरँटुलांपैकी झाडावर राहणारा पोसिलोथेरिया हा सगळा गटच 2019 मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आवर घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेला. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने साइट्समधल्या प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात वेगळी अनुसूचीच आली आहे. अभयारण्यातून तर कोळी काय, काहीच उचलता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी बीळ खणून काढलेली मादी बरणीत ठेवून तुम्हाला कळणार काय? ती कोपऱ्यात बसून राहील.

आता मुख्य प्रश्न. जमेल, पण त्या व्हिडिओंमधलं मैलोन्‌मैल चालणं डोक्यातून काढून टाका. जमिनीत राहणाऱ्या टॅरँटुलाची मादी भटकत नाही. बीळ एकदा बसलं की ती वर्षानुवर्षं तिथेच राहते, आणि मादी दहा-पंधरा वर्षं सहज जगू शकते. रात्री ती बाहेर येते म्हणजे बिळाच्या तोंडाशी येते, फार तर वीतभर पुढे. जमिनीचा हादरा हेच तिचं कान-डोळे. तिघं जण बूट आपटत, गप्पा मारत पाच किलोमीटर चाललात तर वाटेतली प्रत्येक मादी तुम्ही पोचायच्या आधी आत गेलेली असणार, आणि तुम्ही घरी येऊन सांगणार की आपल्याकडे टॅरँटुला नाहीतच. त्यापेक्षा गावाजवळचा शे-दोनशे मीटरचा एक उतार धरा आणि त्यालाच लागून राहा. एकदा बीळ सापडलं की तीच मादी पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षीही तिथेच भेटेल. मी माझ्याबरोबर येणाऱ्या पोरांना पहिल्या पावसाळ्यात एकच बांध देतो. काही जण कंटाळून येणं बंद करतात. जे टिकतात त्यांना बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं.

उतार कोणता, हे जमिनीवर ठरतं. आपल्याकडे वर काळा कातळ, खाली काळं रान आणि मधल्या उतारांवर झिजलेल्या दगडाचा मुरूम. काळं रान सोडून द्या. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वर दरसाल नांगर फिरतो. बारमाही बिळाला ती जागा नाही. भेगांत साप आणि पाली असतात, ती गोष्ट वेगळी. निव्वळ कातळात कोळ्याला खणता येत नाही. मुरमाड दरड मात्र उत्तम: ओढ्याची किंवा वगळीची उभी कड, जुन्या गाडीवाटेने कापलेला उंचवटा, गवताने धरून ठेवलेला जुना बांध, दगडी ताल. सीताफळीच्या मुळांनी बांधलेल्या दरडी मला सगळ्यात आवडतात, आणि बीड जिल्ह्यात सीताफळीला तोटा नाही. पाणी साचत नाही, वरून थोडी सावली आहे आणि दहा-वीस वर्षांत जेसीबी फिरलेला नाही, अशी कड बघा. शेवटची अट दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे.

किनवट-माहूरच्या सागवानी पट्ट्यात गेलात तर जमिनीइतकंच लक्ष झाडांकडे ठेवा. पोसिलोथेरिया ढोलीत आणि सुटलेल्या सालीखाली राहतो. त्यातली रीगॅलिस ही प्रजाती पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही घाटांत नोंदलेली आहे. करडं-काळं नक्षीदार अंग सालीवर इतकं मिसळून जातं की उजेड थेट न टाकता बाजूने टाकावा लागतो, म्हणजे पायांची सावली पडते आणि नजर तिथे अडकते.

पहिली फेरी दिवसा करा. दुपार कलल्यावर जा, दरडीला समांतर उभे राहा आणि बिळं ओळखायला शिका. उंदराच्या बिळाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो, ये-जा करून गुळगुळीत झालेली वाट असते, आसपास लेंड्या असतात. खेकड्याचं बीळ पाण्याच्या अंगाला असतं आणि तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या. इंगळीचं, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवाचं, बीळ गोल नसतं. अर्ध्या चंद्राच्या आकाराचं, आडवं आणि चपटं असतं. हे एकदा डोळ्यांत बसलं की लांबूनही ओळखता येतं. लांडगा कोळ्यांतले काही जण लहान गोल बीळ करतात आणि काठाला गवताच्या काड्या, वाळकी पानं रेशमाने गुंफतात. गवतात नरसाळ्यासारखं जाळं आणि पुढे पांढरी चादर पसरलेली दिसली, सकाळी दवाने चमकणारी, तर तोही लांडगा कोळ्यांच्याच घरातला, टॅरँटुला नव्हे.

टॅरँटुलाचं बीळ मोठं, अंगठा सहज जाईल एवढं किंवा त्याहून रुंद, गोल आणि स्वच्छ. तोंडाशी मोकळी माती नसते. आतल्या भिंतीला रेशमाचं अस्तर असतं, ते काठावर येऊन थोडं बाहेर पसरतं, त्यात धुळीचे कण अडकून राखाडी कडा तयार होते. दिवसा बऱ्याचदा तोंडावर रेशमाचा पातळ पडदा असतो. तो ताजा आणि अखंड असेल तर घरात माणूस आहे असं समजा. फाटका, धुळकट असेल तर घर बहुधा रिकामं. आजूबाजूला भुंग्यांच्या पाठीची टरफलं किंवा टाकलेली कात मिळाली तर शंकाच उरत नाही. कात हाताने उचलून बघा, हरकत नाही. आठही पाय, सुळे, सगळं जसंच्या तसं असतं. पण बिळात बोट घालू नका, पाणी ओतू नका, खणू नका. रिकामं वाटणाऱ्या बिळात फुरसं असू शकतं. आणि पाणी ओतून बाहेर काढलेली मादी पुन्हा त्या चिखलात राहायला जाईलच असं नाही. गवताची काडी फिरवून कोळ्याला वर आणायची युक्ती व्हिडिओंत सर्रास दिसते. मला ती पसंत नाही. उपाशी मादी फसून वर येते, काडीशी झटापट करते आणि हात हलवत परत जाते. तिला ती शिकार वाटली होती.

जी बिळं पक्की वाटतात तिथून दोन पावलांवर एक चपटा दगड खूण म्हणून ठेवा. रात्री जागा सापडायला एवढं पुरतं.

रात्री अंधार पडल्यावर तासाभराने पोचा. बॅटरी कपाळावर बांधायची असेल तर उत्तम, नाहीतर डोळ्याच्या बाजूला, नजरेच्या रेषेत धरा. कमरेजवळ धरलेल्या बॅटरीने डोळे चमकलेले दिसत नाहीत. गवतावरून उजेड फिरवला की हिरवट-निळे बारीक ठिपके लखलखायला लागतील, कधी कधी शेकड्यांनी. नवखा माणूस इथेच हुरळतो. ते सगळे लांडगा कोळी. त्यांच्या डोळ्यांत उजेड परतवणारा पडदा असतो. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी असेल तर एका ठिकाणी ठिपक्यांचा पुंजकाच चमकतो. ते बघण्यासारखं असतं, पण तुमचा शोध वेगळा आहे. टॅरँटुलाचे डोळे बारके, डोक्यावरच्या एका उंचवट्यावर एकत्र असतात, आणि असे लांबून चमकत नाहीत. त्याला चमकेने शोधता येत नाही, आकाराने शोधावं लागतं.

खूण ठेवलेल्या बिळापासून पाच-सहा पावलांवर थांबा. पुढची पावलं टाच न आपटता, सावकाश. पांढरा उजेड बंद करून लाल करा. बॅटरीला लाल सोय नसेल तर पतंगाचा लाल कागद दुहेरी करून काचेवर रबराने बांधा. लाल उजेडाला कोळी कमी बिचकतात. मग खाली बसा. बसण्याआधी ती जागा नीट बघून घ्या. पहिल्यांदा फक्त काळं तोंड दिसेल. थोड्या वेळाने काठावर दोन पायांची टोकं आलेली कळतात. ती आली कधी ते दिसत नाही. टोकं बोथट, दाट केसांची, काठाच्या रेशमावर हलकी टेकलेली. त्यामागे आणखी दोन. मग बराच वेळ काही घडत नाही. बाजूने एखादा झुरळवर्गीय किडा चालत आला की पुढचा एक पाय केसभर उचलला जातो आणि किड्याच्या दिशेला वळून पुन्हा टेकतो. किडा रेशमाच्या कडेवर आला, की पुढचं डोळ्याला दिसत नाही: तोंड रिकामं, किडा नाही, कोळीही नाही. आतून बारीक कुरकुर ऐकू आली तर आली. तुमच्यापैकी कोणी खोकला तरी तो दिवस संपला म्हणून समजा, निदान पाऊण तास तरी.

नर मात्र फिरतात. पावसाळ्यात वयात आलेला नर बीळ कायमचं सोडतो आणि माद्या हुडकत हिंडतो. मादीच्या मानाने त्याचं आयुष्य फारच थोडं. वाटेवर, विहिरीच्या कठड्यावर, शेतातल्या आखाड्याच्या भिंतीवर जो केसाळ, लांब पायांचा, अंगाने रोड कोळी सापडतो तो बहुधा असा नर. तोंडाजवळचे जे दोन आखूड पायांसारखे अवयव असतात त्यांची टोकं फुगीर दिसतात, त्यावरून ओळखा.

गावाकडून फोटो येतात त्यात टॅरँटुला म्हणून पाठवलेले बरेचसे दुसरेच असतात. घरात भिंतीवर दिसणारा, चपटा, खेकड्यासारखे पाय बाजूला पसरलेला आणि मादी असेल तर पोटाखाली पांढरी चकती धरलेला, तो घरातलाच शिकारी कोळी. झुरळं खातो, राहू द्या. उन्हाळ्यात दिव्याखाली फिकट पिवळा, प्रचंड वेगाने धावणारा, पुढे दोन मोठे चिमटे असलेला प्राणी येतो. लोक त्याला कॅमल स्पायडर म्हणतात, पण तो कोळी नव्हे आणि त्याला विषही नाही. तो तुमच्या मागे धावतो असं वाटतं ते तुमच्या सावलीसाठी. खरी ओळख सुळ्यांत आहे: टॅरँटुलाचे सुळे एकमेकांना समांतर, कुदळीसारखे वरून खाली येतात, साध्या कोळ्यांचे चिमट्यासारखे आडवे मिटतात.

आता हंगाम. मृगाचा पहिला दणका बसल्यानंतरच्या आठवड्यात जे दिसतं ते वर्षभरात दिसत नाही. वाळवीला पंख फुटून पाखरं उडतात, मिरगाचे मखमली किडे वर येतात, बेडूक ओरडायला लागतात आणि त्या सगळ्यांना खाणारे त्यांच्या मागोमाग. पाऊस थांबून तास-दोन तास झालेले, वारा पडलेला, हवा दमट आणि चंद्र नसलेली रात्र मिळाली तर घरी बसू नका. भर पावसात जाऊन उपयोग नाही. जून ते ऑक्टोबर हा मुख्य काळ. मधे पावसाने ओढ दिली, आणि आपल्याकडे तो देतोच, तर दरडी सुकतात, पडदे बंद होतात. तेव्हा ओढ्याकाठी साप बघा. एप्रिल-मेच्या उकाड्यात पालींची चंगळ असते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरला की रात्रीचं फिरणं जवळपास बंदच ठेवा. अपवाद घोणसेचा. तिचा मिलनकाळ थंडीत असतो आणि ती तेव्हाही हिंडते. परड म्हणतो आपण तिला, तीच.

सरपटणाऱ्यांत सगळ्यात सोपे ते झोपलेले. सरडे दिवसाचे प्राणी. रात्री ते बारीक फांद्यांच्या अगदी टोकाला जाऊन झोपतात, म्हणजे साप किंवा कुणी चढला तर फांदी हलून जाग येते. बॅटरीच्या उजेडात त्यांचं पोट आणि बाजू फिकट, पांढरट दिसतात, आसपासची पानं गडद. हिवर, बोर, बाभळीच्या झुडपांच्या कडेने छातीच्या उंचीवर उजेड फिरवत जा. शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, दिवसा शोधून सापडत नाही, पण रात्री झोपेत तो इतका फिका पडतो की दहा पावलांवरून दिसतो: शेपटीची गुंडाळी, पायांची पकड, डोळे आत ओढलेले. फांदी धरू नका, फ्लॅशचा मारा करू नका. तो जागा झाला की काळपट पडत जातो. रंग बदलायला लागला म्हणजे तुम्ही निघायची वेळ झाली.

पालींसाठी बारवा आणि पडक्या गढ्या बघा. मराठवाड्यात दोन्हींना तोटा नाही. वरून काठावर उभं राहूनच उजेड टाका. रात्री बारवेच्या पायऱ्या उतरू नका, शेवाळावरून पाय घसरला तर साप-विंचवाची गरज नाही. माळावर वारुळांच्या आसपास जाड, आडव्या पट्ट्यांची पाल फिरते. दख्खनच्या कोरड्या दगडी माळांवर लेपर्ड गेको आहे. चालीने संथ, जाड शेपटीचा, आणि इतर पालींना नसतात त्या हलणाऱ्या पापण्या याला असतात. डोळे मिचकावत बघतो तुमच्याकडे. जहाल विषारी म्हणून त्याला सर्रास ठेचतात. भारतात एकही पाल किंवा सरडा विषारी नाही, हे गावात ठासून सांगा; घोरपडीसह.

साप किती दिसतात हे विचारायचं असेल तर रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. शेतीची लाईट रात्रीची असते तेव्हा तो माणूस गुडघाभर हरभऱ्यात अनवाणी दारं धरत असतो. जागलीला जाणारेही तसेच. कुठल्या धुऱ्यावर परड बसते, कुठल्या विहिरीत दिवड आहे, कडब्याच्या गंजीत काय शिरलं, हे त्यांना पाठ असतं. मी नव्या गावात गेलो की आधी दोन संध्याकाळी त्यांच्याबरोबर चहा घेतो, बॅटरी नंतर काढतो. नावांचा घोळ तेवढा लक्षात ठेवा: एकाच सापाला दर तालुक्यात वेगळं नाव, आणि दुतोंड्या म्हणजे कधी मांडूळ, कधी डुरक्या घोणस.

पावसाळ्यात डांबरी रस्ताही चांगला. दिवसभराची ऊब धरून ठेवतो म्हणून साप त्यावर येऊन पडतात आणि चिरडले जातात. मोटारसायकल वीसच्या वेगाने चालवा, मागच्याने उजेड धरावा. मेलेल्याचाही फोटो आणि जागा टिपा, ती नोंद कामाची असते.

हे सगळं कितीही मजेचं असलं तरी चार विषारी साप इथे रात्रीचेच आहेत, निदान रात्रीही फिरतात. त्यांच्याविषयी थोडं विस्ताराने, कारण इथे घाई चालत नाही.

मण्यार शुद्ध रात्रीचा. काळ्या-निळ्या चकचकीत अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने, आणि मानेपासून पहिला काही भाग पट्ट्यांविना. कवड्या साप अगदी उलटा: त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरळ होतात. मण्याराच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. हे फरक मी सांगतो आहे ते फोटो बघून अभ्यासाला. रानात पट्टे मोजायला वाकू नका. त्याचा दंश दुखत नाही, सूजही फारशी नसते, आणि म्हणूनच माणूस झोपून जातो. पहाटे पोटात कळ, घसा जड, पापण्या मिटायला लागतात. ऊसतोडीच्या कोप्यांत जमिनीवर झोपणाऱ्यांचे जीव असेच जातात. रानात मुक्काम केलात तर खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

घोणस आणि फुरसं पळत नाहीत, हाच त्यांचा धोका. नाग, धामण तुमची चाहूल घेऊन निघून जातात. या दोघी जागेवर वेटोळं करून थांबतात. घोणस निदान फुत्कारते, मोठ्याने. फुरसं अंगाला अंग घासून खरखर करतं, पण वाऱ्यात ते ऐकू येत नाही, आणि ते वीत-दीड वीतभर, मुरमाच्याच रंगाचं. म्हणून गमबूट हवेतच. जाड पँट. हातात काठी, पुढचं गवत बाजूला करायला. जिथे उजेड पडला नाही तिथे पाय नाही आणि हात तर अजिबात नाही. दरडीवर चढताना वरची कड हाताने धरायची सवय असते, ती सोडा. रात्री दगड उलटवू नका. दिवसा उलटवायचाच असेल तर पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे दगड तुमच्या आणि आतल्याच्या मधे राहतो, आणि नंतर होता तसाच बसवा. खाली पालीची अंडी असू शकतात.

विंचवांसाठी अतिनील बॅटरी स्वस्तात मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा पेटल्यागत दिसतो. फक्त नुकती कात टाकलेला चमकत नाही. बसायची जागा तपासायला तिच्याइतकं कामाचं काही नाही. मोठी काळी इंगळी बघून लोक घाबरतात, पण जीवघेणा आहे तो दगडाखालचा लहान, तांबूस विंचू. त्याच्या डंखाने दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर हृदयावर परिणाम होतो आहे असं समजून दवाखाना गाठा. यावर प्राझोसिन हे औषध वापरायची पद्धत रुळवली ती आपल्याच जालना जिल्ह्यातून गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, महाडला काम करत असताना. तोपर्यंत कोकणात विंचवाने माणसं पटापट जात.

टॅरँटुलाबद्दल उलट बाजूने गैरसमज आहेत. अमेरिकेतल्या काही जाती पोटावरचे केस उडवतात, त्यांनी खाज येते. आपल्याकडच्या जातींना तसे केस नाहीत. त्याऐवजी ते चपळ आहेत आणि चावतात. पोसिलोथेरियाच्या चाव्याने प्रचंड वेदना होतात, स्नायूंत पेटके येतात, कधी काही दिवस राहतात. माणूस दगावल्याची नोंद नाही. सापाच्या लशीचा यावर उपयोग नसतो. जखम साबणाने धुवा आणि पेटके आले तर डॉक्टरकडे जा.

सर्पदंश झालाच तर: दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वाट वाकडी करू नका. तो अवयव न हलवता 108 ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस एकच आहे आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. तुमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, हे तुमचं नशीब; संभाजीनगरकडच्यांना घाटी. निघण्याआधी फिरायच्या जागेपासून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते बघून ठेवा. तासापेक्षा जास्त लागत असेल तर मी ती जागा टाळतो.

जागेवरून आठवलं: अभयारण्यात रात्री नाही. गौताळा असो, नायगाव असो की येडशी, सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि अभ्यासासाठी परवानगी मागायची रीत कायद्याच्या कलम 28 मध्ये आहे. गौताळ्यात अस्वलं आहेत, बिबटे आहेत, यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघही तिथवर चालत आलेला आहे. कोळी बघायला खाली वाकलेला माणूस अस्वलाला दिसू नये हे बरं. तुम्हाला तिकडे जायची गरजही नाही. मुकुंदराजाच्या दरीच्या वरच्या अंगाला खाजगी रानं आहेत. मालकाला विचारा, दिवसा जाऊन तोंड दाखवा.

आणि पोलीस पाटलाला सांगितल्याशिवाय अजिबात जाऊ नका. 2024 च्या पावसाळ्यात ड्रोन फिरतात म्हणून आपल्याकडची गावंच्या गावं रात्री जागत होती. तशा वेळी बांधावर वाकून बॅटऱ्या मारणारी तीन पोरं म्हणजे एकतर चोर, नाहीतर मांडूळवाले. मांडुळाच्या नादाने गुप्तधन शोधणाऱ्यांनी आणि ते विकणाऱ्यांनी रात्री रानात फिरणाऱ्या प्रत्येकाचं नाव खराब करून ठेवलं आहे. ओळखपत्र खिशात, पिशवीत डबे-बरण्या-चिमटे काहीही नको. पिशवी उघडून दाखवायची वेळ आली तर पाण्याची बाटली आणि वही निघाली पाहिजे. तुम्हालाच कुणी मांडूळ विकायला काढलेलं दिसलं तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

फोटो काढाल तेव्हा कोळ्याचा वरून एक, बाजूने एक, बिळाच्या तोंडाचा एक, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. सापाचा डोक्याचा आणि पाठीच्या मधल्या भागाचा, लांबून झूम करून. तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, जमीन कशी होती, एवढं वहीत. फोटोवरून गटापर्यंत नक्की सांगता येतं. टॅरँटुलाची प्रजाती ठरवायला बहुतेक वेळा मादीचे अंतर्गत अवयव किंवा नराच्या त्या फुगीर टोकांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. तेव्हा कुणी मोबाइलवर बघून छातीठोक नाव सांगितलं तर मान हलवा आणि वहीत गटाचंच नाव लिहा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका, पण ठिकाण झाकायची सोय वापरा. आंध्रातल्या गुटीला 1899 मध्ये नोंदलेला निळा पोसिलोथेरिया, मेटॅलिका, आज नल्लमलाच्या बाजूच्या जंगलाच्या एका लहानशा तुकड्यात उरला आहे आणि जगभरचे हौशी तो पाळायला विकत घेतात. बिळाची नेमकी जागा जाहीर झाली की तिथे फावडं घेऊन कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही. तालुक्याचं नाव पुरे.